गुंजीला धाडलेली बाटली

निपाणी
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास परशरामचा नमस्कार.

पत्र पोचलं. अक्षर बघून वाटलं, कोंबडीनं पाय शाईत बुडवून लिहिलंय. शेवटच्या तीन ओळी तर मला लागल्याच नाहीत. तुझ्या सुनेला शिव्या असतील असं धरून चाललो.

माझी कंबर बरी आहे. कशानं, ते ऐकून तू तोंडाला पदर लावशील. भांगेच्या तेलानं! नशेचं नव्हे गं. कट्ट्यावरच्या देवाप्पानं सांगितलं म्हणून कोल्हापूरला एका वैद्यबाईंकडे गेलो होतो. भांगेच्या पानातला नशा न आणणारा भाग काढून तेलात घालतात, त्याला सीबीडी म्हणतात. बाटलीवर ‘विजया’ असं लिहिलेलं असतं. बाई सरळ बोलल्या. म्हणाल्या, आजोबा, कुणाला झोप लागते, कुणाचे सांधे हलके होतात, कुणाला काडीचाही फरक पडत नाही. म्हाताऱ्या माणसांवर याचा पुरता अभ्यास अजून झालेला नाही. मग अर्धा तास प्रश्न. लिव्हर कसं आहे, बीपीची गोळी कुठली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत नाक खुपसून काढली, मला आता काय होतंय? त्या हसल्या नाहीत. सगळं लिहून घेतलं आणि मगच चिठ्ठी दिली.

झोपताना जिभेखाली दोन थेंब. पंधरा दिवस झाले. पहाटे चारला उठून बसत होतो, तो आता सहापर्यंत घोरतो. वास उग्र, ओलं गवत कुजत घातल्यासारखा. बाटली उघडताच देवाप्पाला सांगितलं, माल अस्सल आहे. निपाणीत माझ्या नाकाला अजून कुणी नाही म्हणत नाही.

तुझी बोटं कशी आहेत?

तुझा परशराम


गुंजी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. परशास आशीर्वाद.

हे पत्र तीन दिवस लिहितेय. चार ओळी झाल्या की हात गरम पाण्यात धरते, मग पुढच्या चार. उजव्या हाताची तीन बोटं मिटत न्हाईत आणि अंगठा उघडत न्हाय. पेन हाताला सुतळीनं बांधून घेते. हसू नको मेल्या.

रचना म्हणते, आजी तू सांग, मी लिहिते. एकदा लिहून घेतलं तर नातीनं माझं सगळं सुधारलं. मी ‘परशा मेल्या’ म्हटलं, तिनं ‘प्रिय बंधू’ केलं. मग तुझ्याशी बोलतंय कोण, मी का ती? कान तर गेलेच. यंत्र घातलं की नुसती शिट्टी वाजते. घरात सगळे तोंडं हलवतात आणि मी मान हलवते. माझ्याशी नीट बोलणारं असं तुझं पत्रच तेवढं आहे, आणि तुझ्या पत्राला उत्तर द्यायला हा एक हात. तो गेला की मी जिवंतपणी मुकी.

तर ते तेल मला धाड. रूपालीला कळू देऊ नको. सून वाईट न्हाय, पण माझ्या छातीत झडप बसवल्यापासून गोळ्यांची मालकीण झालीय. खणाखणाचा डबा केलाय, तिच्या हातूनच गिळायच्या. तिच्यापुढं भांग म्हटलं तर खानापूरच्या कचेरीतनं रजा टाकून येईल आणि माझ्या लेकाला, नागेंद्रला बेळगावातनं बोलवून घेईल. पोस्टमन भावकू दुपारी येतो, तेव्हा मी एकटीच असते.

मालुआक्का


निपाणी
३ मार्च २०२५

ती. आक्कास नमस्कार.

सोबत बाटली. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तरी तुझ्यासाठी मिळवली. दोन थेंब जिभेखाली, वर पाणी प्यायचं नाही. मी स्वतः हुंगून पाठवतोय, म्हणजे माल कसा आहे ते सांगायला नको. गुण आला की लगेच कळव, इथं कट्ट्यावर सगळे विचारतात.

परशराम


गुंजी
२१ मार्च २०२५

चि. परशास आशीर्वाद.

तेल पोचलं. रोज घेते. गुण आला. झोप लागते, हात सुटल्यासारखा वाटतो. तुझं नाक ते नाक. कट्ट्यावर सांग.

जास्त लिहीत न्हाय, रूपाली येण्याची वेळ झाली.

आक्का


निपाणी
२९ मार्च २०२५

ती. आक्कास नमस्कार.

आधी बस. मग वाच.

ते तिळाचं तेल होतं. माझी बाटली संपली होती, तिच्यात भरलं. उग्रपणासाठी देव्हाऱ्यातला कापूर चुरून टाकला.

झालं असं की देवाप्पा म्हणत होता, तेलात गुण आहे. मी म्हणत होतो, म्हाताऱ्यांचं निम्मं दुखणं डोक्यात असतं आणि ते बाटली बघूनच उतरतं. पैज लागली. आता प्रयोग करायचा कुणावर? तुझ्याइतकं भोळं माणूस मला दुसरं कोण ठाऊक आहे? तुझं पत्र आलं, ‘झोप लागते, हात सुटला’, आणि कट्टा पोट धरून हसला. देवाप्पाला सगळ्यांना चहा पाजावा लागला. तो म्हणतो, तुझ्या आक्काला गंगेचं पाणी म्हणून घटप्रभेचं दे, ती स्वर्गात जाऊन येईल.

राग मानू नको. उलट बरं झालं. तुझ्या बोटांना काही झालेलं नाही हे कळलं. सुतळी सोड आणि राहिलेलं तेल चटणीवर घालून खा.

परशराम


गुंजी
१७ एप्रिल २०२५

परशा,

बाटली उघडली तेव्हाच मला कळलं. तीळ. कापूर. आणि तळाला कुजक्या गवताचा चिमूटभर वास, म्हणजे तू बाटली धुतलीसुद्धा नव्हतीस.

मला वाटलं, परशाला कुणीतरी फसवलं. मग वाटलं, पारखी माणूस तिळाच्या तेलाला फसेल कसा? म्हणजे नाक गेलं. म्हातारपणी जातंच की. मी दोन दिवस जेवले न्हाय. आपल्या घरची रीत तुला मी सांगायला नको. पारख्यानं तंबाखूची मूठ हुंगून माल ठरवला की ठरला. चुकलाय हे दिसलं तरी त्याला तोंडावर म्हणायचं न्हाय, माल मुकाट वखारीत लावायचा. आप्पांचं नाक शेवटी गेलं तेव्हा अख्खी वखार दोन वर्षं गप बसली होती. हमालसुद्धा बोलले न्हाईत. म्हणून मी लिहिलं, गुण आला. त्या चार ओळी लिहिताना सुतळीखालचं कातडं फाटलं होतं.

आणि तू माझ्या चार ओळींवर चहा प्यालास.

एक गोष्ट मी आजवर बोलले न्हाय. आप्पा आईला म्हणाले होते, ‘मालीचं नाक परशापेक्षा लांबचं आहे, पण पोरीला वखारीत कोण उभी करणार?’ मी चुलीपाशी होते. बासष्ट वर्षं गिळून बसले. तुझ्या अंगावर पारख्याचा फेटा चढला तेव्हा मी गुंजीच्या भातात चिखल तुडवत होते, तरी गिळलं. आता गिळवत न्हाय. हे पण कट्ट्यावर सांग. देवाप्पाला त्याचा चहा परत पाज.

मालू


निपाणी
२४ एप्रिल २०२५

आक्का,

माझं नाक गेलं म्हणून तू उपाशी राहिलीस? माझी कीव केलीस? त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आप्पा असलं काही म्हणाले नाहीत. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं.

सोबत बाटली आहे, सील न फोडलेली. माझ्याच नावावर घेतली. वैद्यबाईंना सांगितलं, आधीची सांडली. त्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले, मी माझी तीच उत्तरं दिली. दोन थेंबांनी तुझ्यासारखीचं काही व्हायचं नाही. चार घे, सकाळी आणि संध्याकाळी. घे, आणि मग लिही कुणाचं नाक लांब ते.

परशराम


गुंजी
१८ मे २०२५

चि. परशास अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ. बघितलंस? हे सगळं एका बैठकीत लिहितेय आणि सुतळी खुंटीला टांगलीय.

सील फोडलं आणि लांबूनच कळलं, हे ते. पहिल्या आठवड्यात काही न्हाय. मी म्हटलं, परशानं परत केलं माकडपण. दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी चोळीचं बटण लावलं आणि नंतर ध्यानात आलं की आपणच लावलं. काल फणस फोडला. रूपाली बघतच राहिली. म्हणाली, आत्या, हात कसा काय चालतोय? मी म्हटलं, उन्हाळा मानवला. अंगठा उघडतो रे. सगळा न्हाय, पण पेन धरण्यापुरता उघडतो.

तर भांडण मिटवू. नाक तुझंच लांब, जा. आप्पा रागात काहीतरी बोलले असतील आणि मी पोरवयात ते धरून बसले. आता हात आलाय तर दर आठवड्याला लिहीन, तू कंटाळशील.

एक विचारायचं आहे. हातांवर आणि मांडीवर डाग उठलेत, निळे-काळे. कुठं आपटल्याचं आठवत न्हाय. दात घासताना रक्त येतं, परवा उशीवर पण होतं. रूपालीला दाखवलं तर बाटलीचं सांगावं लागंल, मग ती बाटली काढून घेईल आणि हात परत जाईल. म्हणून अंगभर लुगडं घेऊन बसते. महिन्याची रक्ताची तपासणी असते, तीही या खेपेला पाय दुखतो म्हणून चुकवली. तू एवढं कर, तुझ्या वैद्यबाईंना विचार, हे तेलानं होतं का? तू व्हय म्हणालास तर सोडते. न्हाय म्हणालास तर घेत राहते. तुझ्या शब्दावर.

तुझी आक्का


निपाणी
२४ मे २०२५

ती. आक्कास नमस्कार.

अक्षर बघितलं. सुरेख आहे. म्हणजे तेल अस्सल आणि नाक शाबूत, एवढं तरी तुझ्या हातून लिहून मिळालं.

आता डागांचं. आक्का, मी काय काल जन्मलोय? आधी गुण आला नसताना आला म्हणून लिहिलंस, तेही रीत पाळायची म्हणून! आता रक्त येतंय म्हणून लिहितेस. मी घाबरावं, पहिली गाडी धरून गुंजीला यावं आणि तुझे पाय धरावेत, हाच डाव ना? देवाप्पाला वाचून न दाखवताच त्याला सांगितलं, आक्कानं पैजेची परतफेड केली. तो म्हणाला, करू दे, हक्क आहे तिचा.

वैद्यबाईंना मी विचारणार नाही. विचारायला गेलो तर बाटली कुणी घेतली ते निघेल आणि सांडल्याचं खोटं माझ्या गळ्यात येईल. या वयात एका पोरसवदा बाईपुढं मला मान खाली घालायची नाही.

गुंजीत आता जांभळांचा सुकाळ असेल. खाऊन झाल्यावर तोंड आणि हात धुवत जा, डाग जातील.

तुला पारख्याचा शब्द हवा ना? घे. न्हाय. तेलानं काही होत नाही. घेत राहा.

परशराम


बेळगाव
५ जून २०२५

मामांना नमस्कार.

मी रूपाली. फोनवर बोलले असते, पण माझ्या तोंडातून काय निघेल याचा भरवसा नव्हता.

३० मेच्या सकाळी तुमच्या आक्का न्हाणीघरात पडल्या. डोक्यात रक्तस्राव झाला. आम्ही त्यांना बेळगावला आणलं. रक्त तपासलं तर इतकं पातळ निघालं की डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं. मला विचारलं, गोळी दोनदा दिलीत का? पाच वर्षं मी एकेक गोळी मोजून देतेय, आणि त्या क्षणी मलाच वाटलं, दिली असेन. सगळ्यांपुढे मी म्हणाले, दिली असेन. तीन दिवस नवरा माझ्याशी बोलत नव्हता.

१ जूनला आत्यांनी डोळे उघडले. त्याच दिवशी नागेंद्र घरून कपडे घेऊन आले, सोबत तुमचं पत्र होतं. मला वाटलं, भावाचं पत्र ऐकलं की त्यांना बरं वाटेल. आधी वाचून बघितलं नाही. त्यांना ऐकू येत नाही म्हणून कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचावं लागतं. वॉर्डात सोळा खाटा आहेत. मी जांभळांपर्यंत आले तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मला कशाचाच संदर्भ नव्हता, म्हणून मी थांबले नाही. ‘घेत राहा’पर्यंत वाचलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान फिरवली.

त्या दिवशी रचनाला घरी पाठवून शोधाशोध केली. बाटली तांदळाच्या डब्यात सापडली, तुमची पत्रं अंथरुणाखाली. डॉक्टरांनी बाटलीवरचं सगळं वाचलं. म्हणाले, हे विष नाही. काही म्हाताऱ्या माणसांना यानं आराम पडतो. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना हे घेतलं तर ती गोळी अंगात साठत जाते. आम्हाला सांगितलं असतं तर गोळी कमी केली असती, दर आठवड्याला रक्त बघितलं असतं. कदाचित हात चालता राहिला असता.

झडप बसवली तेव्हा दवाखान्यात सहीला तुम्हीच होता, मामा. गोळी जन्मभर घ्यायची हे तुमच्यासमोर सांगितलं होतं.

रूपाली


निपाणी
११ जून २०२५

चि. सौ. रूपालीस,

मला ठाऊक होतं. वैद्यबाईंनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा आक्काची गोळी माझ्या डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या वेळी तर मी तोंड उघडलंही होतं. मग मनात आलं, तिनं आप्पांचं ते काढलं, आता तिच्यासाठी मी या बाईपुढे खोटा ठरू? एवढंच. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

मला येऊ दे. नागेंद्रानं फोन ठेवून दिला. येऊ देणार नसाल तर मी रोज एक पत्र टाकतो. तू वाचून दाखव, नाहीतर तिच्या डोळ्यांपुढे नुसतं धर. ती वाचेल. तिला सांगायचं आहे की आप्पा तसं म्हणाले होते. मीही तिथंच होतो, दाराआड. मीही ऐकलं होतं. एवढं तरी तिला पोचू दे.

तुझा मामा, परशराम


गुंजी
४ ऑगस्ट २०२५

मामांना नमस्कार.

तुमची एकेचाळीस पत्रं पोचली. एक उघडलं, वरचं. बाकीची उघडली नाहीत.

आत्या घरी आल्या आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे चांगले आहेत, वाचलेलं त्यांना सगळं समजतं. हाताचं दुखणं थांबलं. त्या हाताला आता काही कळतच नाही. काल चुलीवरचं भांडं लागून कातडी भाजली, तरी त्या शांत बसून होत्या.

मी बिनपगारी रजेवर आहे. भावकूची यायची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळते. दुपारी पडवीत बसवावंच लागतं. नाही बसवलं तर रडतात. भावकू फाटकाशी दिसला की डावा हात पुढे करतात. मी आधीच फाटकापाशी उभी असते. पत्र घेते, पदराखाली घालते, आणि परत येऊन दोन्ही हात उघडून दाखवते.

पहिले काही दिवस त्यांचा विश्वास बसला नाही. मग रचनाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं : मामांचं पत्र नाही. त्यांनी वाचलं. डाव्या हातानं पाटी जवळ ओढून घेतली आणि खडूनं काहीतरी ओढलं. बराच वेळ ओढत होत्या. मला लागलं नाही. रचना म्हणाली, आजीनं ‘आजारी?’ असं लिहिलंय. तुम्ही आजारी आहात का, म्हणून पत्र नाही, असं विचारत होत्या. मी मान हलवली, नाही. खाली लिहिलं : चांगले आहेत.

तेव्हापासून त्या काही विचारत नाहीत. हात मात्र रोज पुढे करतात.

तुम्ही पत्रं बंद करू नका. येऊ तर नकाच, पण लिहा. रोज लिहा. मी रोज त्यांना सांगेन, आजही आलं नाही.

रूपाली